कुत्र्या-मांजरांचे गंभीर संसर्ग आणि कर्करोग: आधी नमुना, मग औषध

काचपट्टी

लसिका ग्रंथी सुजलेल्या, बारीक ताप, वजन उतरलेलं, प्लेटलेट कमी. कुत्र्यात हे चित्र एर्लिकियाच्या गोचीड तापाचंही असतं आणि लिम्फोमाचंही (लसिका पेशींचा कर्करोग). नुसत्या हाताने चाचपून दोन्ही वेगळे सांगता येत नाहीत. अशा वेळी सगळ्यात जास्त नुकसान करतं ते "बघू या फरक पडतो का" म्हणून दिलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात, गाठी दोन-चार दिवसांत उतरतात, सगळ्यांना हायसं वाटतं. मग पुन्हा सूज आली की नमुना घेतला जातो आणि त्यात मेलेल्या पेशींच्या चुऱ्याखेरीज फारसं काही सापडत नाही. शिवाय तगलेल्या पेशी पुढे केमोथेरपीला नीट दाद देत नाहीत. मुळात आजार संसर्गाचा असला, तर प्रतिकारशक्ती ऐन गरजेच्या वेळी दाबली गेलेली असते.

म्हणून हा धागा. कोणत्या शंकेला कोणता नमुना, कुठून, किती आणि कशात, एवढंच इथे लिहू या.

सुरुवात लसिका ग्रंथीपासून. सुई २२ किंवा २३ गेजची. जबड्याखालची ग्रंथी शक्यतो टाळा. दात-हिरड्यांच्या त्रासामुळे ती एरवीही सुजलेली असते, आणि शेजारची लाळग्रंथी चुकून टोचली जाते. खांद्यापुढची किंवा गुडघ्यामागची निवडा, आणि एकीवर न थांबता दोन ठिकाणांहून घ्या. फार मोठी झालेली ग्रंथी मध्यभागी सडलेली असू शकते. तिथे सुई कडेच्या भागात फिरवा. सिरिंज न जोडता नुसती सुई ग्रंथीच्या आतच आठ-दहा वेळा पुढेमागे करायची, दिशा जराशी बदलत. लिम्फोमाच्या पेशी नाजूक असतात, सिरिंजने जोर लावून ओढल्या की फुटतात. सुई काढल्यावर ५ मिलीच्या सिरिंजमध्ये हवा भरायची, सुईला जोडायची आणि झटक्यात थेंब काचेवर सोडायचा. दुसरी काच त्यावर अलगद टेकवून, वरून न दाबता, सरळ ओढायची. पसरवताना बोटांचा दाब पडला की केंद्रकांचे नुसते दोरे होतात.

वाचताना अखंड पेशीच मोजा. एकसारख्या मोठ्या लिम्फोब्लास्ट (अपक्व लसिका पेशी) निम्म्याहून जास्त असतील आणि त्यांची केंद्रकं तांबड्या पेशीच्या दुप्पट किंवा त्याहून मोठी असतील, तर लिम्फोमा म्हणायला हरकत नाही. लहान लिम्फोसाइट, प्लाझ्मा पेशी, थोड्या मोठ्या पेशी असा मिसळ समाज असेल तर ग्रंथी संसर्गाला उत्तर देते आहे. लहान पेशींचा लिम्फोमा मात्र सुईच्या नमुन्यात फसवतो. तिथे पूर्ण ग्रंथी काढून हिस्टोपॅथॉलॉजीला (ऊतीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला) पाठवावी लागते.

तांबडी पेशी

काचपट्टी, उत्तम सुरुवात. रंगवण्याबद्दल भर घालतो, कारण चांगला नमुना तिथेही वाया जातो.

स्लाइड हवेत पूर्ण वाळवा, ज्योतीवर धरू नका. फॉर्मॅलिनच्या बरणीचं झाकण त्याच टेबलावर उघडं ठेवू नका. तिच्या वाफांनी पेशी अर्धवट स्थिर होतात आणि मग रंग नीट घेत नाहीत, सगळं निळसर-हिरवं दिसतं. बायोप्सीची बरणी आणि सुईच्या स्लाइड एकाच पाकिटात पाठवणं ही याच चुकीची मोठी आवृत्ती. झाकण घट्ट असलं तरी वाफ जाते. दोन वेगळी पाकिटं करा.

दुसरं म्हणजे, कान आणि त्वचेच्या स्लाइड ज्या डब्यांतून रंगवता, त्यात गाठीची किंवा पोटातल्या पाण्याची स्लाइड बुडवू नका. जुन्या रंगात जीवाणू आणि मॅलासेझिया यीस्ट तरंगत असतात. ते निर्जंतुक नमुन्यावर चिकटतात आणि अहवालात "जीवाणू आढळले" असं येतं. खरा जंतुसंसर्ग असेल तर जीवाणू न्यूट्रोफिलच्या (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) *आत* दिसतात आणि न्यूट्रोफिलही फुगलेले, विरलेले असतात. फक्त पेशींच्या वर आणि आजूबाजूला असतील तर आधी रंगाची बाटली तपासा.

मनीची माणसं

आम्ही फक्त पालक आहोत, तेव्हा साधा प्रश्न. मांजराला गाठ आली की आधी सात दिवस अँटिबायोटिक देऊन बघतात. हे बरोबर की चूक?

काचपट्टी

गरम, दुखरी, एक-दोन दिवसांत आलेली, मांजरांच्या मारामारीनंतरची गाठ असेल तर ते गळू असण्याचीच शक्यता जास्त. पण तिथेही सुई घालायला दोन मिनिटं लागतात. पू आला तर गळू फोडून निचरा करायचा, आणि त्याच पुवाचा थोडा भाग कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखायला) बाजूला ठेवायचा. सुईत पू न येता पेशी आल्या तर अँटिबायोटिकचे सात दिवस वाया जाण्याआधीच कळतं. म्हणजे चूक औषधात नाही, नमुना न घेता ते सुरू करण्यात आहे.

गाठ १ सेंमीपेक्षा मोठी आहे किंवा महिनाभर टिकली आहे, तर "चरबीची वाटते" या शब्दावर थांबू नका. चरबीची गाठ आणि मास्ट सेल ट्यूमर (हिस्टामिनचे कण बाळगणाऱ्या मास्ट पेशींचा कर्करोग) हाताला अगदी सारखे लागू शकतात.

मांजरांसाठी वेगळा नियम आहे: ३-२-१. इंजेक्शन किंवा लस दिलेल्या जागी आलेली गाठ ३ महिन्यांनंतरही टिकली, किंवा २ सेंमीहून मोठी झाली, किंवा १ महिन्यानंतरही वाढत राहिली, तर यांतली एकही गोष्ट बायोप्सीला पुरेशी आहे. इंजेक्शनच्या जागेचा सार्कोमा (त्वचेखालच्या जोडऊतींचा कर्करोग) आजूबाजूच्या ऊतींत मुळं पसरावीत तसा पसरतो. आधी निदान न करता वरवर काढून टाकला तर परत येतो, आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीहून कितीतरी मोठी करावी लागते.

शस्त्रक

वरच्याला पूर्ण अनुमोदन. सार्कोमा सुईत पेशी फारशा सोडत नाही, म्हणून "पेशी मिळाल्या नाहीत" या अहवालाचा अर्थ "काही नाही" असा लावू नये.

बायोप्सीचा छेद अशा जागी आणि अशा दिशेने घ्या, की पुढच्या मोठ्या शस्त्रक्रियेत तो पूर्ण मार्ग काढून टाकता येईल. पायावर छेद उभा, पायाच्या लांबीच्या दिशेनेच. तोंडातल्या गाठीची बायोप्सी तोंडाच्या आतूनच घ्यायची, ओठाच्या त्वचेतून कधीही नाही, नाहीतर निरोगी त्वचेत पेशी रुजतात. उतारवयाच्या मांजराचा एकच दात हलतो आहे आणि त्याखालचा जबडा जाड लागतो आहे, तर दात काढून मोकळे होऊ नका. त्या खळीतला तुकडा तपासायला पाठवा. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा तोंडाच्या अस्तराचा कर्करोग असाच लपून राहतो.

नाकाच्या बायोप्सीआधी रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि प्लेटलेट बघा, सीटी आधी करून घ्या (बायोप्सीनंतरच्या रक्ताने चित्र गढूळ होतं), आणि चिमट्याची लांबी नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत मोजून तिथे खूण करा. खुणेपलीकडे मेंदूकडची पातळ हाडं सुरू होतात.

तांबडी पेशी

नाकाचा विषय निघालाच आहे तर: मांजराच्या नाकावर फुगवटा, एका बाजूने स्राव, शिंका, यात क्रिप्टोकॉकस बुरशी लिम्फोमाची हुबेहूब नक्कल करते. स्रावाची किंवा गाठीची स्लाइड रंगवली की पेशींभोवती रुंद, पारदर्शक कडं असलेले यीस्ट दिसतात. रक्ताच्या सीरमवर क्रिप्टोकॉकसच्या प्रतिजनाची लॅटेक्स चाचणी होते आणि ती विश्वासार्ह आहे. उपचार चालू असताना तिचं प्रमाण उतरतंय का यावरून प्रगतीही कळते. न भरणाऱ्या, चिघळणाऱ्या जखमा चेहऱ्यावर आणि पंजांवर असतील तर स्पोरोट्रिकोसिस डोक्यात ठेवा आणि हातमोज्यांशिवाय हात लावू नका. मांजराच्या जखमेत ही बुरशी मुबलक असते आणि माणसाला सहज लागते.

काचपट्टी

मास्ट सेल ट्यूमरबद्दल एक तांत्रिक अडचण. झटपट रंगांमध्ये (डिफ-क्विक प्रकारचे) काही मास्ट पेशींचे जांभळे कण रंगतच नाहीत आणि त्या साध्या गोल पेशी भासतात. शंका असेल तर दुसरी स्लाइड गिम्सा किंवा टोल्युइडिन ब्लूने रंगवा. न रंगवलेल्या दोन स्लाइड नेहमी राखून ठेवायच्या त्या यासाठीच. आणि तपासताना गाठ सारखी चोळू नका. कणांतलं हिस्टामिन सुटतं, जागा लाल होऊन सुजते, मोठ्या गाठीत उलट्या आणि रक्तदाब उतरण्यापर्यंत जाऊ शकतं.

सुईने "मास्ट सेल" हे कळतं, श्रेणी मात्र हिस्टोपॅथॉलॉजीतूनच ठरते. कुत्र्याच्या त्वचेतल्या ट्यूमरसाठी अहवालात पटनाईकची तीन पायऱ्यांची आणि किउपेलची दोन पायऱ्यांची, अशा दोन्ही श्रेणी मागा. सोबत त्या भागाची लसिका ग्रंथीही तपासा, ती हाताला मोठी लागत नसली तरी.

शेरूचा दादा

कुत्रा अचानक कोसळला, हिरड्या पांढऱ्या, सोनोग्राफीत तिल्लीवर गाठ आणि पोटात रक्त. सुई घालून निदान करायचं की सरळ ऑपरेशन?

क्ष-किरण

शेरूचा दादा, हा प्रसंग आत्ताचा असेल तर हे वाचत थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. निर्णय तासांत घ्यायचा असतो.

आता पद्धत. पोटातलं पाणी सुईने काढून नळीत ठेवायचं. पोकळीत साचलेलं रक्त गोठत नाही. गोठलं तर सुई रक्तवाहिनीत किंवा तिल्लीतच गेली असं समजा. त्या पाण्याचा पीसीव्ही (तांबड्या पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) मोजून नसेतल्या रक्ताच्या पीसीव्हीशी ताडायचा. दोन्ही जवळपास सारखे असतील तर रक्तस्राव ताजा आहे. पोकळ, रक्ताने भरलेल्या गाठीत सुई घालण्यात अर्थ नाही. नुसतं रक्त येतं, ती फुटण्याचा धोका वाढतो आणि पेशी पोटात सांडतात.

ऑपरेशनआधी छातीचे तीन एक्स-रे (उजवी कूस, डावी कूस आणि उताणं किंवा पालथं) आणि हृदयाच्या उजव्या कर्णिकेची सोनोग्राफी. हिमॅन्जिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग, तिथेही आढळतो. एका कुशीवरचा एकच एक्स-रे काढून "फुप्फुस स्वच्छ" लिहिणं चुकीचं आहे, कारण खालच्या बाजूचं फुप्फुस दबलेलं असतं आणि त्यातली गाठ दिसत नाही. साध्या एक्स-रेवर साधारण ५ मिमीहून लहान गाठी दिसतच नाहीत, सीटीवर १-२ मिमीच्याही दिसतात.

जुना ठोकताळा असा की तिल्लीच्या गाठींपैकी दोन तृतीयांश घातक, आणि घातकांपैकी दोन तृतीयांश हिमॅन्जिओसार्कोमा. याचाच अर्थ उरलेल्या बऱ्याच जणांना निव्वळ रक्ताची गाठ किंवा साधी वाढ असते आणि तिल्ली काढल्यावर ते बरे होतात. म्हणून गाठ दिसली एवढ्यावरून आशा सोडून देऊ नका. निदान तिल्ली काढल्यावर, तिचे अनेक तुकडे तपासूनच होतं.

तांबडी पेशी

पोटातल्या पाण्याचंच पुढे. रक्त नसून गढूळ पाणी असेल तर त्याच वेळी पाण्यातली आणि रक्तातली साखर मोजा. पाण्यातली साखर रक्तातल्यापेक्षा २० मिग्रॅ/डेसिलिटरहून कमी असेल तर जंतूंची पेरिटोनायटिस (पोटाच्या आतल्या अस्तराचा दाह) जवळपास नक्की धरा आणि कल्चरची वाट न पाहता शस्त्रक्रियेची तयारी करा. पाणी दोन नळ्यांत घ्या: पेशी बघायला ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली, कल्चरला साधी निर्जंतुक. ईडीटीए जीवाणूंची वाढ दाबतं, म्हणून त्या नळीतून कल्चर लावू नये.

तरुण मांजर, ताप उतरत नाही, पोटात पिवळसर, तार सुटणारं पाणी: एफआयपी, म्हणजे मांजरांच्या कोरोनाव्हायरसमुळे होणारा पेरिटोनायटिस. पाण्यातली प्रथिनं ३.५ ग्रॅम/डेसिलिटरहून जास्त, पेशी त्या मानाने थोड्या. अल्ब्युमिन भागिले ग्लोब्युलिन ०.४ च्या खाली असेल तर संशय दाट, ०.८ च्या वर असेल तर एफआयपी बहुधा नाही.

रिव्हाल्टा चाचणी कोणत्याही दवाखान्यात होते. पारदर्शक १० मिलीच्या नळीत ७-८ मिली डिस्टिल्ड पाणी, त्यात संहत असेटिक आम्लाचा एक थेंब, नीट ढवळायचं, मग पृष्ठभागावर पोटातल्या पाण्याचा एक थेंब हलकेच सोडायचा. तो थेंब आकार धरून वर चिकटून राहिला किंवा जेलीसारखा हळूहळू खाली उतरला तर चाचणी सकारात्मक. विरघळून पाणी स्वच्छ राहिलं तर नकारात्मक.

मनीची माणसं

म्हणजे रिव्हाल्टा सकारात्मक आली की एफआयपी नक्की?

तांबडी पेशी

नाही. या चाचणीचं बळ नकारात्मक उत्तरात आहे. जंतूंची पेरिटोनायटिस आणि लिम्फोमा या दोन्हींतही ती सकारात्मक येते, म्हणून सोबत पेशींची स्लाइड बघायलाच हवी. नुसत्या रक्तातली कोरोनाव्हायरस प्रतिपिंडं तर अजूनच कमी उपयोगाची, कारण अनेक निरोगी मांजरांत ती असतात. पोटातल्या पाण्यावरचा आरटी-पीसीआर (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी), किंवा मॅक्रोफेजच्या आत विषाणूचा प्रतिजन रंगवून दाखवणारी तपासणी, याला खरं वजन. पाणी नसलेल्या कोरड्या प्रकारात पोटातल्या लसिका ग्रंथीतून किंवा मूत्रपिंडातून सुईने नमुना घ्यावा लागतो. सुजलेलं, खडबडीत मूत्रपिंड लिम्फोमातही तसंच लागतं, तेव्हा इथेही नमुन्याआधी स्टेरॉइड नको. जीएस-४४१५२४ या विषाणूविरोधी औषधामुळे एफआयपी आता बरा होऊ शकणारा आजार झाला आहे, म्हणून हा फरक करण्याला आज पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मोल आहे.

शस्त्रक

लिम्फोमा की प्रतिक्रिया यावर वाद राहिला तर पीसीआरने पेशींची एकवंशीयता (सगळ्या एकाच पेशीपासून वाढल्या आहेत का) तपासतात, ती पीएआरआर चाचणी. तिने सगळं मिटतं ना?

काचपट्टी

बऱ्याचदा, पण तिच्यावर एकटीवर विसंबू नका. एर्लिकियाच्या संसर्गातही ती सकारात्मक आलेली आहे. तोच एर्लिकिया रक्तात एकाच प्रकारचं ग्लोब्युलिन वाढवून मायलोमाचाही (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचा) भास करतो. त्यामुळे जिथे गोचीड असतात तिथे पीएआरआर किंवा प्रथिनांचा आलेख वाचण्याआधी एर्लिकियाची तपासणी झालेली असावी. फ्लो सायटोमेट्रीला (पेशींवरच्या खुणा यंत्राने ओळखणारी तपासणी) जिवंत पेशी लागतात. नमुना थंड ठेवून, गोठू न देता, एक-दोन दिवसांत पोचला पाहिजे.

तांबडी पेशी

गोचीड तापाचे नमुने. स्लाइडवर मोनोसाइटमध्ये एर्लिकियाचे पुंजके क्वचितच सापडतात. न सापडणं म्हणजे आजार नाही असं नव्हे. बबेसियासाठी (तांबड्या पेशींत राहणारा, गोचिडीतून येणारा परजीवी) कानाच्या टोकाला टोचून आलेल्या पहिल्या थेंबाची स्लाइड करा, तिथल्या बारीक वाहिन्यांत बाधित पेशी जास्त अडकतात. पीसीआरला ईडीटीएतलं पूर्ण रक्त, अँटिबायोटिकच्या *आधी* घेतलेलं. हेपारिनची नळी चालत नाही, हेपारिन पीसीआरची प्रक्रियाच रोखतं. प्रतिपिंडं उपचारानंतरही महिनोन्‌महिने राहतात, म्हणून "अजून पॉझिटिव्ह" यावरून औषध वाढवत नेऊ नका. यंत्राने प्लेटलेट कमी दाखवल्या तर स्लाइडची टोकाकडची कड बघा. गुठळ्या असतील तर आकडा खोटा आहे. मांजरांत हे फार होतं.

लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस) वेळ चुकली की चाचणी चुकते. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात, त्यानंतर लघवीत. म्हणून पीसीआरला दोन्ही एकदमच पाठवा, औषधाच्या पहिल्या डोसआधी. एमएटी, म्हणजे लेप्टोची प्रतिपिंडं मोजणारी चाचणी, पहिल्या दिवसांत नकारात्मक येऊ शकते. दुसरा नमुना दोनेक आठवड्यांनी घ्या, चौपट वाढ झाली तर निदान पक्कं. लस घेतलेल्या कुत्र्यात एकट्या आकड्यावर विश्वास नको. नमुने घेतले की उपचार लगेच, अहवालासाठी थांबायचं नाही. लघवी हाताळताना हातमोजे आणि चष्मा.

पारव्होची विष्ठेची झटपट चाचणी अगदी सुरुवातीला आणि उशिरा नकारात्मक येऊ शकते. पिल्लाला रक्ताचे जुलाब आहेत आणि पांढऱ्या पेशी कोसळल्या आहेत, तर पारव्हो समजून वेगळं ठेवा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा करा. उलट, लस दिल्यावरच्या काही दिवसांत फिकट रेघ लसीच्या विषाणूमुळेही येते.

शेरूचा दादा

कुत्रा लाळ गाळतो, चावायला येतो, मागचे पाय ढिले पडलेत. डिस्टेंपर की रेबीज हे रक्तावरून कळेल?

तांबडी पेशी

रेबीज जिवंत प्राण्यात नक्की नाकारणारी कोणतीही चाचणी नाही. लाळेचा पीसीआर नकारात्मक आला तरी रेबीज नाही असं म्हणता येत नाही. लसीची खात्री नसेल आणि अशी लक्षणं असतील तर तोंडात हात घालून "घशात काही अडकलंय का" बघणं, नमुने घेणं, नळी घालणं सगळं थांबवा. प्राणी वेगळा बंद करा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. कोणाला चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच माणसांच्या डॉक्टरकडे. निदान मृत्यूनंतर मेंदूच्या नमुन्यावर फ्लुओरेसंट अँटिबॉडी चाचणीने होतं. त्यासाठी मेंदूस्तंभ आणि लहान मेंदू हवेत, थंड ठेवलेले. फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नयेत.

रेबीजची शंका उरली नसेल तरच डिस्टेंपरकडे वळायचं: डोळ्याच्या पापणीआतला कोरडा स्वॅब, लघवी आणि रक्त यांवर आरटी-पीसीआर. जेलमध्ये बुडवलेले स्वॅब कल्चरचे, पीसीआरला नकोत.

क्ष-किरण

हाडांबद्दल थोडक्यात. मोठ्या जातीचा कुत्रा, लंगडणं औषधाने थांबत नाही, सूज मनगटाच्या वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याभोवती: दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ऑस्टिओसार्कोमाच (हाडाचा कर्करोग) समजायचा. एक्स-रेवर बुरशीचा किंवा जीवाणूंचा हाडांचा दाह तसाच दिसतो, फक्त कर्करोग सहसा सांधा ओलांडत नाही. सोनोग्राफीच्या मदतीने जिथे वरचं हाड विरलं आहे तिथून सुई घालता येते आणि पेशींना अल्कलाइन फॉस्फटेजचा रंग देऊन बरंचसं निदान होतं. जमशिदी सुईने (हाडाचा तुकडा काढायची जाड सुई) तुकडा घ्यायचा तर विकाराच्या मध्यातून. कडेला फक्त प्रतिक्रिया म्हणून आलेलं नवं हाड मिळतं.

मूत्राशयाच्या गाठीत मात्र पोटातून सुई घालू नका. युरोथेलियल कार्सिनोमाच्या (मूत्रमार्गाच्या अस्तराच्या कर्करोगाच्या) पेशी सुईच्या वाटेवर रुजतात. कुत्र्याच्या लघवीवर बीरॅफ जनुकातल्या बदलाची चाचणी होते, किंवा कॅथेटर गाठीपाशी नेऊन हलक्या ओढीने तुकडे घेता येतात. वारंवार "लघवीचा संसर्ग" होणाऱ्या उतारवयाच्या कुत्र्यात नुसतं कल्चर पुरे नाही. गाठीवरच जंतू बसतात, कल्चर सकारात्मक येतं आणि महिने त्यातच जातात.

मनीची माणसं

शेवटचा प्रश्न. मांजरीच्या स्तनांच्या रांगेत तीन गाठी आहेत. एकीची तपासणी केली तर चालेल का?

शस्त्रक

नाही. मांजरीच्या स्तनांच्या गाठी बहुतेक वेळा घातकच असतात, आणि शेजारशेजारच्या दोन गाठी वेगवेगळ्या प्रकारच्या असू शकतात. सुईने इथे फारसं कळत नाही, फक्त गळू किंवा दुसऱ्या प्रकारची गाठ वगळता येते. छातीचे तीन एक्स-रे आधी, मग त्या बाजूची पूर्ण रांग काखेतल्या आणि जांघेतल्या ग्रंथींसह काढायची.

प्रत्येक गाठ ओळखू येईल असा वेगळा धागा बांधा: एकीला लांब, एकीला आखूड, एकीला दोनदा गाठ मारलेला. कोणता धागा कोणत्या जागेचा ते फॉर्मवर लिहा. कापलेल्या कडांना शाई लावा, ती सुकू द्या, मगच बुडवा. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन ऊतीच्या दहापट. ते ऊतीत फार हळू शिरतं, म्हणून जाड ठोकळ्याला शाईची कड सोडून आतल्या बाजूने साधारण १ सेंमी अंतरावर चिरा द्या, नाहीतर मधला भाग सडून येतो. अरुंद तोंडाची बरणी टाळा. ताजी ऊती दाबून आत जाते, पण फॉर्मॅलिनने घट्ट झाल्यावर बाहेर निघत नाही, आणि प्रयोगशाळेत ती फाडून काढताना कडांवरची शाईच निघते.